मुद्दाम नापास

माझ्या नणंदेइतकं तल्लख डोकं माझ्या माहेरी नाही आणि सासरीही नाही. आणि ही बाई दर वर्षी डॉक्टरसमोर बसून आपलं डोकं मठ्ठ असल्याचं सिद्ध करून यायची. स्वखुशीने. वर हसत. एवढं सांगतानाच माझा आवाज चढतो, म्हणून घरातले लोक मला हा विषय काढू देत नाहीत. आज घरात कोणी नाही, तर सांगतेच.

घरात तिला बारकी म्हणतात. भावंडांत शेवटची म्हणून बारकी, नाहीतर उंची अशी की आमच्या स्वयंपाकघराच्या दारातून आत येताना तिला मान वाकवावी लागते. मी लग्न होऊन आले तेव्हा ती शाळेत होती. मी शिवणकाम करते, त्यामुळे तिच्या शाळेच्या गणवेशाची पट्टी उसवून खाली सोडायचं काम आपसूक माझ्याकडे आलं. दर थोड्या महिन्यांनी उसवायचं, परत शिवायचं. एकदा वैतागून मी म्हटलं, "बाई गं, थांब की आता जरा." तर म्हणते, "कापड संपलं की थांबेन, वहिनी." तेव्हापासून आमचं जमलं. मी चिडायचं आणि तिने हसायचं अशी वाटणीच होऊन गेली. माझा आवाज चढला की ती स्वयंपाकघरात डोकावून भावाला ओरडून सांगायची, "दादा, वहिनीची तिसरी शिट्टी झाली, गॅस बंद कर!"

ती बस डेपोत चौकशीच्या खिडकीवर बसते. काचेला एक भोक, त्याच्यामागे ती, तिच्यामागे भिंतभर वेळापत्रक. ते वेळापत्रक तिच्यासाठी नव्हतंच कधी. कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागते, वाटेत कुठे थांबते, कुठली आज दुरुस्तीला गेली आहे, शेवटची चुकली तर कुठे जाऊन दुसरी पकडायची, सगळं तोंडपाठ. माणूस अर्धं गाव उच्चारतो तोवर हिचं उत्तर काचेबाहेर आलेलं. लोक रांगेत उभे राहून मुद्दाम अवघड प्रश्न विचारायचे, गंमत म्हणून. मीसुद्धा दोनदा विचारलेत. हरले.

आणि संध्याकाळी मैदान. डेपोच्या बायकांची फुटबॉल टीम आहे, कंडक्टर, मेकॅनिक, ऑफिसातल्या, सगळ्या मिळून. बारकी त्यांची गोलकीपर. तिथे तिला भिंत म्हणतात. कोच म्हणजे डेपोचाच एक जुना ड्रायव्हर. मुली त्याला पाठीमागे हॉर्न म्हणतात, कारण तो बोलत नाही, वाजतो. इतकी वर्षं ही टीम पहिल्या नाहीतर दुसऱ्या मॅचला गारद होऊन घरी यायची. त्या वर्षी काय चमत्कार झाला कोण जाणे, आमच्या डेपोची टीम सेमीफायनलपर्यंत पोचली.

सेमीफायनलला मी स्टँडमध्ये बसले होते. खेळ संपत आलेला, आपण एका गोलने पुढे. कॉर्नरवरून बॉल आला, बारकी पकडायला वर उडाली आणि समोरच्या टीममधल्या एका मुलीचा गुडघा तिच्या कानशिलावर बसला. त्याचा आवाज मला वरपर्यंत ऐकू आला. ती आडवी झाली. मग उठली, हात वर करून ठीक असल्याचं दाखवलं आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या! माणूस तोंडावर आपटून उठलाय आणि ह्यांचे हात टाळ्यांना शिवशिवतायत. हॉर्नने तिला तशीच उभी ठेवली. मॅच जिंकली. मुलींनी तिला खांद्यावर घेतलं, आणि मला लांबून एवढंच दिसलं की ती खाली उतरल्यावर चुकीच्या बाजूच्या गेटकडे चालायला लागली आणि कॅप्टनने तिला हाताला धरून वळवलं. दमली असेल, असं बाजूच्या बाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझा नवरा तिला डेपोच्या डॉक्टरकडे घेऊन गेला. इथे एक गोष्ट सांगायला हवी. सीझन सुरू व्हायच्या आधी ह्या सगळ्या मुलींची एक टेस्ट होते. बेसलाइन टेस्ट म्हणतात. डॉक्टर दहा शब्द वाचतात, ते परत म्हणायचे. आकडे उलटे म्हणायचे, वर्षाचे महिने उलटे म्हणायचे, डोळे मिटून एका पायावर उभं राहायचं. धडधाकट असताना डोकं कसं चालतं ते मोजून ठेवायचं. पुढे खेळताना डोक्याला मार लागला की हेच परत करायचं आणि ताडून बघायचं. आधी आठ शब्द आठवत होते आणि आता चार, म्हणजे आत काहीतरी बिघडलंय, मुकाट्याने बाहेर बस. मेंदूला बसलेला मार बाहेरून दिसत नाही. टेंगूळही येत नाही कधीकधी. म्हणून आधीचं माप लागतं. मला ही गोष्ट ऐकल्याबरोबर पटली होती, कारण माझा धंदाच मापाचा आहे.

नवरा परत आला तो खुशीत. "काही नाही झालेलं. मार्क जेवढ्यास तेवढे. शुक्रवारी परत बघतील, ठीक असली तर रविवारी फायनल खेळू शकते." मग बूट काढता काढता म्हणाला, "घरात लक्ष ठेवा म्हणाल्या. डोकं दुखणं, उजेड नको वाटणं, चिडचिड, विसरणं, असलं काही दिसलं तर लगेच आणा. पहिला मार भरून यायच्या आत दुसरा बसला तर जिवावर बेतू शकतं." हे शेवटचं वाक्य त्याने असं सांगितलं की जणू दूध आणायचं राहिलंय.

मी लक्ष ठेवलं. मला सांगितलेलं काम मी करते.

बारकीच्या खोलीचा पडदा दिवसासुद्धा बंद. माझं शिलाई मशीन सुरू झालं की ती उशी कानावर दाबून घ्यायची, आणि ह्या मशीनच्या आवाजात तिने शाळेचा अभ्यास केलेला आहे. बुधवारी तिने चहाचा कप बेसिनमध्ये आपटला, कारण मी "साखर हवी का" असं दोनदा विचारलं. बारकीने. जिने आयुष्यात कधी रागाने आवाज चढवला नाही. कप फुटला आणि ती त्या तुकड्यांकडे बघत राहिली, हे कोणी केलं असं विचारणाऱ्या माणसासारखी. मी म्हटलं, "डोकं दुखतंय का?" "नाही." "खरं सांग." "वहिनी, नाही म्हटलं ना!" आणि दार लावून घेतलं.

गुरुवारी मला डेपोत जायचंच होतं, कंडक्टर लोकांच्या पँटी अल्टर करून द्यायच्या होत्या. पिशवी दिली आणि खिडकीच्या रांगेत मुद्दाम मागे उभी राहिले. माझ्यापुढे एक म्हातारे गृहस्थ होते. त्यांनी हॉस्पिटलकडे जाणारी गाडी विचारली. दिवसातून शंभर माणसं विचारतात असा प्रश्न. बारकी गप्प. मग तिने मान वळवली आणि मागच्या वेळापत्रकाकडे पाहिलं. नुसतं पाहिलं नाही, बोट लावून ओळी शोधल्या. आणि एवढं करून फलाट चुकीचा सांगितला. मला ठाऊक होता बरोबर कुठला, कारण मीच त्या गाडीने जाते. म्हाताऱ्याला मी हाताला धरून योग्य फलाटावर सोडून आले आणि तिथेच बाकड्यावर बसले. मला घाबरल्यावर राग येतो. त्या दिवशी खूप राग आला.

संध्याकाळी नवऱ्याला पकडलं. सगळं सांगितलं, फलाटासकट. तो म्हणाला, "अगं, डॉक्टरांनी तपासलंय ना. दहातले पाच शब्द आले. आधीही पाचच होते."

"पाच? बारकीला? दहातले पाच?"

"हो."

"डोकं शाबूत असताना पाच?"

तो गडबडला. आमच्या घरात खोटं बोलायचं कसब फक्त एकाच माणसाकडे नाही आणि तो हा. कानाच्या पाळ्या लाल होतात. म्हणाला, "ते तसंच असतं गं."

"तसंच म्हणजे कसं?"

मग बाहेर आलं सगळं. टीममध्ये नवी मुलगी आली की कपडे बदलायच्या खोलीत तिला बसवून शिकवतात. पाचाच्या वर जायचं नाही, चाराच्या खाली यायचं नाही, खाली गेलीस तर डॉक्टरला संशय येतो. एका पायावर उभी राहिलीस की मनात गाणं म्हण आणि धृपद परत आलं की पाय टेकव. महिने उलटे म्हणताना एकदा अडखळ आणि लाजल्यासारखं हस. म्हणजे उद्या खरंच मार लागला तरी मार्क घसरत नाहीत आणि कोणी बाहेर बसवत नाही. ह्याची चक्क तालीम होते. कॅप्टन डॉक्टर बनते, बाकीच्या पेशंट. मठ्ठाची तालीम म्हणतात त्याला. जिचा अभिनय सगळ्यांत झकास, तिला बाकीच्यांनी चहा पाजायचा. बारकी दर वर्षी फुकट चहा ढोसून यायची आणि घरी भावाला नक्कल करून दाखवायची. मला नाही. मला का नाही, ते तुम्हाला कळलंच असेल.

"पोरकटपणा आहे," नवरा म्हणाला. "सगळ्याच करतात."

तळपायाची आग मस्तकाला गेली माझ्या. "पोरकटपणा? अरे, बहीण आहे ना तुझी? घड्याळ बिघडलंय हे कळायला ते आधी कसं चालत होतं हे तरी माहीत हवं की नको? तिने मुळात काटेच उलटे फिरवून ठेवलेत, आणि तू मला म्हणतोस जेवढ्यास तेवढे! नाटकातले पाच आणि आजारातले पाच सारखेच दिसणार की रे! तुझी अक्कल कुठे चरायला गेली होती?"

बारकी दारात आली. डोळे बारीक केलेले, दिव्याकडे पाठ. "हळू बोल, वहिनी."

"का? डोकं दुखत नाहीये ना तुझं?"

तिने हात डोळ्यांवर धरला. मी म्हटलं, उद्या डॉक्टरला सांगायचं सगळं. तर तिच्या तोंडचं पाणी पळालं. खरी टेस्ट दिल्याशिवाय कोणालाच मैदानात उतरता येत नाही असा नियम आहे. एकीची खोटी निघाली की सगळ्यांच्या तपासणार, सगळ्यांच्या खोट्या निघणार आणि टीम बाद. फायनल न खेळता गेली. बदली गोलकीपर? तिचा अंगठा मोडलाय. "पहिल्यांदा पोचलोय गं आम्ही," बारकी म्हणाली. "पहिल्यांदा. एक मॅच. मग बस म्हणशील तितके दिवस बसते."

"आणि त्या एका मॅचमध्ये परत लागलं तर?"

"नाही लागणार."

"लिहून दे."

"वहिनी, तू बोललीस तर मी ह्या घरात राहणार नाही."

हे ती मला म्हणाली. मला! तिच्या गणवेशाची पट्टी मी सोडलेली आहे. मी चपला घातल्या आणि सरळ मैदानावर गेले.

हॉर्न गोलपोस्टला टेकून उभा होता, मुली धावत होत्या. मी आडून बोलत नाही. म्हटलं, "तुम्हाला ठाऊक आहे ना टेस्ट खोटी आहे ते?"

त्याने इकडेतिकडे पाहिलं आणि त्या दिवशी पहिल्यांदा हळू आवाजात बोलला. "वहिनी, असल्या गोष्टी सगळ्या टीममध्ये चालतात. मुली धडधाकट आहेत. मी काय त्यांचा वाईट चिंतणारा माणूस आहे का?"

"मी तुम्हाला ठाऊक आहे का विचारलं."

"मी कशात पडत नाही. ते मुलींचं आपसातलं आहे."

म्हणजे ठाऊक होतं. मोठा साळसूद! बायका एकमेकींना डोक्याचे मार लपवायला शिकवतात आणि हा शिट्टी गळ्यात अडकवून कशात पडत नाही. मी त्याला जे बोलले ते इथे सांगण्यासारखं नाही. मेकॅनिक मुलींनीसुद्धा धावणं थांबवून ऐकलं. मग कॅप्टन आली, घाम पुसत. ती कंडक्टर आहे, गर्दीला आवाजाने मागे सारायची सवय असलेली बाई, माझ्या वयाची. तिने माझे दोन्ही हात धरले. "वहिनी, रविवारपर्यंत. तुमच्या पाया पडते. मी स्वतः तिच्यासमोर उभी राहीन, एकीला जवळ येऊ देणार नाही." तिचे डोळे भरले होते. वाईट बाई नव्हती ती. एकही वाईट नव्हती, आणि त्याचाच मला जास्त संताप आला. वाईट माणसाला झोडपता तरी येतं.

शुक्रवारी डॉक्टरने घरातलं कोणीतरी सोबत आणायला सांगितलं होतं. नवरा निघाला, तर मी म्हटलं, "तू बस. मी जाते." तो बसला. रिक्षात बारकी माझ्याशी बोलली नाही. उन्हाकडे तोंड नको म्हणून माझ्या बाजूला वळून बसली होती, एवढंच. दवाखान्याच्या पायरीवर म्हणाली, "तू गप्प बसशील ना?" मी म्हटलं, "मला विचारलं तर मी खोटं बोलणार नाही." बाहेरच्या बाकावर कॅप्टन आणि आणखी दोघी येऊन बसल्याच होत्या, बातमी ऐकायला.

डॉक्टर तरुण आहेत, बारकीपेक्षा थोड्याच मोठ्या. डेपोचे सगळे ड्रायव्हर, त्यांच्या पाठी, त्यांचे डोळे, आणि वर ही टीम, एकटीच्या गळ्यात. टेबलावर चहाचा कप गार होऊन साय धरलेला. त्यांनी दहा शब्द वाचले. चमचा, डोंगर, टोपी, असले साधे. बारकीने चार सांगितले. महिने उलटे म्हणताना अडखळली आणि लाजल्यासारखी हसली.

डॉक्टर म्हणाल्या, "एक कमी आहे, पण फार फरक नाही. घरी कशी आहे ही?"

हे माझ्याकडे बघून विचारलं. मग मी सांगितलं. पडदा, कप, खिडकी, फलाट, आणि मठ्ठाची तालीम. सगळं. बारकीने मध्ये एकदा "वहिनी!" म्हटलं, पण मला आता थांबवणं ब्रह्मदेवाच्या बापालाही जमलं नसतं.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. त्यांचा चेहरा पांढरा पडला. "सगळ्या?" त्यांनी विचारलं. "दर वर्षी?" मग बारकीला, "हे खरं आहे?"

बारकी खुर्चीत ताठ बसली. तिचं डोकं त्याही अवस्थेत वाट शोधत होतं. म्हणाली, "हो. आम्ही मुद्दाम चुकतो. आत्तासुद्धा मी मुद्दामच चुकले. सवय झालीये. म्हणजे माझं डोकं ठीक आहे, डॉक्टर. मी नाटकच केलं."

कमाल आहे की नाही? आपल्याच खोटेपणाचा दाखला देऊन सुटायला बघत होती. मी उठलेच होते खुर्चीतून, पण डॉक्टरांनी हात वर केला.

"बरं," त्या म्हणाल्या. "मग आता नाटक नको. आता खरी दे. तुझी जी खरी असेल ती. सगळे दहा येत असतील तर दहा सांग. मी रागावणार नाही."

"आणि आले तर खेळू देणार?"

"आले तर बघू."

बारकीने हात गुडघ्यांवर ठेवले. पेनल्टीच्या आधी ती अशीच थोडी पुढे झुकते. मला वाटलं, आता ही धडाधड दहा सांगेल, मी खोटी पडेन आणि घरी जाऊन मला माफी मागावी लागेल. खरं सांगते, त्या क्षणी मला तेच हवं होतं. देवा, मला खोटी पाड, असं मी मनात म्हटलं.

डॉक्टरांनी नवे दहा शब्द सावकाश वाचले. सुई, ढग, कुलूप, लिंबू, पायरी, दोरी, आरसा, वाळू, घंटा, पाकीट. मला आजही येतात.

"सुई," बारकी म्हणाली. "ढग." मग थांबली. "पाकीट."

डॉक्टर वाट बघत होत्या. बाहेर बस मागे घेताना कोणीतरी बाजूवर थापा मारत होतं.

"सुई. ढग. पाकीट." तिने डोळे मिटले, उघडले. "थांबा. आहे. जिभेवर आहे." तिच्या कपाळावर घाम आला होता. "एकदा परत वाचा ना. मी नीट ऐकलं नाही."

त्यांनी परत वाचले. बारकीचे ओठ प्रत्येक शब्दाबरोबर हलले. लहान मूल पाढे म्हणतं तसे. सुई, ढग, पाकीट, आणि एक शब्द असा सांगितला जो यादीत नव्हताच. मी तिला गोल खाल्ल्यावर पाहिलेलं आहे, परीक्षेचा निकाल लागल्यावर पाहिलेलं आहे, आई गेली तेव्हा पाहिलेलं आहे. असा चेहरा नव्हता पाहिला.

माझ्याकडे वळून ती म्हणाली, "वहिनी, आता मी मुद्दाम नाही करत आहे."

"माहितीये गं."

"खरंच नाही करत आहे. मी आठवतेय. जीव तोडून आठवतेय गं."

मी तिचं डोकं पोटाशी धरलं, हलक्या हाताने, मार न लागलेली बाजू. डॉक्टर सांगत होत्या की विश्रांती मिळाली तर बहुतेकांचं भरून येतं, पण आता खेळ बंद, काम बंद, मोठ्या दवाखान्यात दाखवायचं, आणि बाकीच्या सगळ्यांची टेस्ट पहिल्यापासून घ्यायची. रविवारी ह्या टीममधलं कोणीही उतरणार नाही. बारकीने त्यावर काही वाद घातला नाही.

बाहेर आलो तर कॅप्टन उठून उभी राहिली. माझं तोंड बघूनच तिला कळलं. "सांगितलंत ना?" ती माझ्यावर धावून आली. "सांगितलंत! एवढी वर्षं आम्ही घाम गाळला आणि तुम्ही एका मिनिटात मातीत घातलंत! तुम्हाला काय कळतंय त्यातलं?" मलाही हेच हवं होतं. मीही तोंड उघडलं. इतक्या दिवसांचं साठलेलं होतं, आणि समोर ओरडायला माणूस मिळालं होतं.

बारकी मध्ये पडली. दाराची चौकट धरून उभी होती. "तिच्यावर ओरडू नकोस," ती कॅप्टनला म्हणाली. "मी खरी टेस्ट दिली आत. पूर्ण जोर लावून. तीन आले."

"तीन काय?"

"दहातले तीन. चौथा मी मनाने घातला."

कॅप्टनचा हात माझ्यासमोर वर आलेला तसाच राहिला. बाकीच्या दोघी बाकावरून हलल्या नाहीत. कोणीतरी हसायचा प्रयत्न केला, ह्याच गोष्टीवर त्या इतकी वर्षं हसत आलेल्या, पण ते हसू पुढे सरकलं नाही.

मग कॅप्टन खाली बसली. म्हणाली, "मागच्या सीझनला पोस्टवर डोकं आपटलं होतं माझं. दुसऱ्या दिवशी टेस्ट घेतली. पाच आले. मी घरी जाऊन नवऱ्याला हसत सांगितलं, बघ, कसं फसवलं."

तिने बुटाची नाडी सोडली आणि परत बांधली.

"तेव्हा मी मुद्दाम चुकले होते की मला खरंच येत नव्हतं," ती म्हणाली, "ते मला आता आठवत नाही."

आणि ती उठून, दार न वाजवता, आत गेली.